आबांचं ओलं धोतर

"ती खुर्ची आत नका आणू. भाईरच्या भाईर धुवा."

बापूसाहेबांच्या बायको कामवाल्या बाईला हे म्हणाल्या. हळू म्हणाल्या. पण आबा, माझे वडील, अजून फाटकापर्यंत पोचले नव्हते. ऑपरेशनपासून ते सावकाश चालतात, पाय जरा फाकवून. त्यांना ऐकू गेलं. मी ओट्याच्या पायरीशी होते, मला त्यांची पाठ दिसत होती. कमरेखाली धोतरावर तळहाताएवढा ओला डाग होता. खुर्चीवरही तेवढाच.

बाईनं खुर्ची दोन बोटांनी उचलली. हौदाजवळ नेऊन तिच्यावर आधी फिनेल ओतलं, मग पाणी. ओट्यावरचे बाकीचे लोक दुसरीकडं बघत राहिले. बापूसाहेबांचा पुतण्या मात्र नाकाला रुमाल लावून बघत होता. त्या ओट्यावर रोज गुटख्याचा वास असतो, घामाचा असतो, मटणाच्या पंगतीनंतर खरकट्याचा असतो. तेव्हा त्याचा रुमाल खिशातच असतो.

आणि तिथं आबा आपणहून गेले नव्हते. बापूसाहेबांनीच निरोप पाठवला होता, तब्येत कळवून जा म्हणून. गेल्यावर कितीतरी वेळ नुसतं बसवून ठेवलं. मग सगळ्यांसमोर विचारलं, "काय म्हाळू, कशाचं आपरेशन केलंस बे? आता वहिनीच्या कामाचा न्हाई राह्यला म्हण की."

लोक हसले. आबा बापूसाहेबांपेक्षा वयानं मोठे आहेत. आबा म्हणाले, "तुमच्या आशीर्वादानं बरं हाय." मग उठले. उठताना गळलं.

मी फाटकाबाहेर त्यांना गाठलं.

आबांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला होता. लातूरला ऑपरेशन करून ती ग्रंथी पुरती काढून टाकली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पुढं म्हणाले, लघवीची नळी काढली की काही महिने आपोआप गळेल. खोकलं की, उठलं की, ओझं उचललं की. हळूहळू कमी होईल. पाणी भरपूर प्यायचं, अजिबात कमी करायचं नाही. आणि आवळण्याचा व्यायाम करायचा. हे सगळं ते माझ्याकडं बघून बोलत होते, अर्धं इंग्रजीत, कारण घरात इंग्रजी मलाच येतं. आबांना सांगायचं काम माझ्यावर आलं.

तोवर मी आबांशी मेंढरं, परीक्षा आणि जेवण यापलीकडं कधी बोलले नव्हते. मुळात मी कमीच बोलते. तो व्यायाम मी त्यांना वाड्यापाशी उभं राहून सांगितला. वाडा म्हणजे आमचा मेंढरांचा, जाळी लावून केलेला. मी जाळीकडं बघत होते, ते मेंढरांकडं.

"आबा, लघवी मधेच थांबवतो ना आपण, तसं आवळून धरायचं. मग सोडायचं. दिवसातनं पुष्कळदा."

"कुणाला दिसंल का?"

"नाही. कळतसुद्धा नाही."

"मंग मेंढरामागं बी जमंल की."

त्यानंतर आबा काठीवर हनुवटी टेकवून गप्प उभे दिसले की मी ओळखायची.

दवाखान्यातनं दिलेले पॅड धोतरात टिकत नव्हते. मी म्हटलं, पँट घाला. "आता काय नवरदेव करती का मला," म्हणाले. शेवटी आईनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या शिवून लंगोट केला, आत पॅडला कप्पा ठेवला. दोरीवर वाळत घातला की आई वरून टॉवेल टाकायची. आमच्याच अंगणात, आमच्याच दोरीवर.

बापूसाहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्या भागातली चांगली काळी वावरं त्यांची. उन्हाळ्यात पाणी टिकणारी विहीर त्यांची, आमची मेंढरंही तिथंच पाणी पितात. घाटनांदूरच्या रस्त्यावरची इंग्रजी शाळाही त्यांची, आणि मी तिथं शिकले. फी माफ होती. ती सरकारच्या नियमानं माफ होती, हे मला पुढं कॉलेजात कळलं. शाळेत मात्र दर स्नेहसंमेलनाला बापूसाहेब मला स्टेजवर बोलावायचे. "ही आपल्या म्हाळूची पोरगी. मेंढरामागं फिरणाऱ्याची. आता ऐका हिचं इंग्लिश." मी पाठ केलेलं बोलायची. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्या मला नव्हत्या, त्यांना होत्या. आबा मागं उभे राहून हात जोडायचे. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी उभेच.

मी खाली बघायला त्या शाळेत शिकले. धनगराची पोर इंग्रजी बोलते हे कौतुक, आणि मान वर करून बोलली तर माज. वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला लेंड्यांचा वास येतो म्हणायच्या. मी दप्तर धुवायची. नंतर कळलं, दप्तराचा प्रश्नच नव्हता.

खुर्चीची गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. आबा पानटपरीवरून निघाले की मागून आवाज यायचा. "म्हाळू, मोटार बंद कर बे, टाकी भरली." कुणी विचारायचं, "डायपर कोणत्या नंबरचा घेतो रे, नातवाला पायजे." आबा मान हलवत पुढं जायचे. मग त्यांनी तो रस्ताच सोडला. मग बाजार सोडला. सोयरिकीच्या बैठकीला बोलावणं आलं तर आईला पाठवलं. मग पाणी सोडलं.

मला ते आधी कळलं नाही. मी तांब्या भरून ठेवायची, तो रिकामा व्हायचा. एकदा बघितलं, ते तांब्या लिंबाच्या बुडाशी ओतत होते. ओतून, तोंड पुसल्यासारखं करून परत येत होते.

"आबा, कावून असं करताय?"

माझ्या तोंडून 'का'च्या जागी कावून कधी येत नाही. तेव्हा आलं.

"पेलं की गळतं. न्हाई पेलं की न्हाई गळत," आबा म्हणाले. एवढंच.

त्यांचे ओठ फुटले होते. लघवी जळजळायला लागली होती, ताप येऊन गेला होता. तापाचा दोष आई उन्हाला देत होती. मी डॉक्टरांना फोन केला. ते चिडून म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा दाखल करावं लागेल, इन्फेक्शन किडनीपर्यंत जाईल. कॅन्सरातून काढलेला माणूस लोकांच्या हसण्यानं मरू देऊ नका.

मी हे आबांना सांगितलं. आबा म्हणाले, "बरं." आणि पाणी प्यायले नाहीत.

पेरणीच्या आधी आमच्याकडं मेंढरं बसवतात. रात्रभर कळप वावरात कोंडतात, दुसऱ्या दिवशी जाळी सरकवून पुढच्या पट्ट्यात. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरतं. पोत्यातल्या खतानं येत नाही असं पीक त्या वावरात येतं, हे सगळ्या शेतकऱ्यांना माहीत आहे. म्हणून त्या दिवसांत धनगराला मान असतो. मालक बांधावर नारळ फोडतो आणि धनगराला आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो. आबांचा कळप मोठा. बापूसाहेबांच्या वावरात तो दरसाल पहिल्यांदा बसायचा.

यंदाही निरोप आला. वरच्या वावरात या. आबा एकटे निघाले होते, मीही निघाले.

दुपारचं ऊन होतं. बांधावरच्या बाभळीखाली बापूसाहेब खाटेवर होते, पुतण्या आणि दोघंतिघं गडी आजूबाजूला. आबा सावलीच्या बाहेर थांबले. कुणी आत या म्हणालं नाही. एका गड्यानं पाण्याची बाटली पुढं केली. आबांनी हात नुसता आडवा हलवला. त्यांची जीभ ओठांवरून फिरली, ती मी बघितली.

"उद्यापास्नं कळप आण," बापूसाहेब म्हणाले. "पण तू नको येऊस. गडी लाव कुणीतरी. जेवणाचं तुझ्या घरी पाठवून देतो. बायामाणसं असतेत आमच्यात, पाव्हणेरावळे असतेत. बरं दिसत न्हाई ते. तुला समजतंय ना?"

"समजतंय की," आबा म्हणाले.

पुतण्या म्हणाला, "काका, येऊ द्या की तेला. तेला बी कोंडा जाळीत मेंढरासंगं. तेवढंच खत."

सगळे हसले. गडी हसले. बापूसाहेब हसत हसत "गप बे" म्हणाले.

आणि आबाही हसले.

ते हसू मी ओळखते. मी तेच हसू तोंडावर घेऊन बापूसाहेबांच्या स्टेजवर उभी राहायची. आबा हसले कारण विहीर बापूसाहेबांची आहे, कारण दुसरं वावर लांब आहे, आणि आयुष्यभर असं हसूनच वाट मोकळी झाली आहे. फुटलेल्या ओठातून रक्ताचा ठिपका आला. त्यांनी तो उपरण्यानं टिपला.

"बघा, म्हाळू दिलदार हाय," बापूसाहेब म्हणाले. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "काय गं, इंग्लिश मीडियम? तू कावून तोंड पाडून उभी? आमच्याच शाळेची ना तू?"

आबांनी माझा दंड धरला. "चल," म्हणाले, "चल गं पोरी." मी हलले नाही. विहिरीचा विचार आला. लांब वडवणीकडं कळप न्यावा लागेल, आईला पाल ठोकून राहावं लागेल, हा विचार आला. तरी मी हलले नाही. मी बापूसाहेबांच्या डोळ्यांत बघितलं. आजवर कधी बघितलं नव्हतं.

मी म्हणाले, "माझ्या बापाला मूत गळतं. कॅन्सर झाला होता, तो कापून काढला, म्हणून गळतं. तुम्ही हसता म्हणून त्यांनी पाणी सोडलंय, आणि त्यानं ते मरतील. मेंढरांचं मूत तुम्हाला वावरात पाहिजे, आणि माझा बाप तुम्हाला पंक्तीला नको. मग मेंढरंही येणार नाहीत. उद्या नाही, पुढच्या साली नाही, तुम्ही स्वतः बोलवायला आलात तरी नाही. आणि हे मी आज इथं बोलले, तसंच टपरीवर जाऊन बोलणार आहे, बाजारात बोलणार आहे, तुमच्या शाळेच्या स्टेजवर बोलावलंत तर तिथंही हेच बोलणार आहे."