बांबबंदीची सभा

पन्नासच्या दशकात मी पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात मास्तर होतो. अंगात रग होती आणि अक्कल अजून यायची होती. मोठ्या देशांत तेव्हा समुद्रावर अणुबांब फोडून बघण्याची चढाओढ लागलेली. कुठल्याशा बोटीवरचे कोळी त्या राखेनं भाजले, हे वर्तमानपत्रात वाचलं आणि मी पेटलोच. या चाचण्या बंद करा, असा अर्ज लिहिला आणि अंगठे घ्यायला बाजाराच्या दिवशी सभा ठेवली. अर्ज आधी दिल्लीला, तिथून पुढं जगाला! मला तर झोप येईना.

दवंडी द्यायची कोतवालानं. 'बांबबंदीची सभा' हे शब्द मी त्याच्याकडून घोकून घेतले होते. पण या मुलखात बांब कोणी पाहिलाय? इथलं रान बांबूचं, ठेका बांबूचा. मास्तर चुकले असतील, असं समजून त्यानं बाजारभर 'बांबूबंदी' पुकारली.

सभेला माणूस मावेना. मी हरखून गेलो आणि पहिलंच वाक्य ठोकलं, "ही बंदी झालीच पाहिजे!"

सभा अंगावर आली. पुढं होती सुपं-टोपल्या विणणारी एक बुरूड बाई.

"गुरुजी, तुमी बी नाकेदाराचेच का? बांबू बंद केला तं लेकराइले काय खाऊ घालू?"

जंगलचा नाकेदार गेल्याच बाजारी बंदीचं बोलून गेला होता, हे मला तेव्हा कळलं. मी घाईघाईनं सांगितलं, बांबू नाही, बांब. एक पडला की गावंच्या गावं राख. लोक हसत सुटले, सगळ्यांत जास्त कोतवाल. मग कोळ्यांचं सांगितलं. तलावावर जाळं टाकणारा एक ढिवर म्हणाला, "मंग त्याइच्या मासोयाइचं काय झालं?" फेकून दिल्या, म्हटल्यावर सगळे हळहळले. मला इतका आनंद झाला, की सांगता सोय नाही. जगाची गोष्ट इथं पोचली होती.

बाई मात्र हसली नव्हती. शाईपाशी आली आणि थांबली.

"बांबू बंद कराचा तं आमाले कोनी इचारत नाई. साहेबाची चिठ्ठी आली का झालं. मंग या बांबाले माहा अंगठा काऊन लागते?"

पाठ केलेलं भाषण इथं कामाचं नव्हतं. जे सुचलं ते बोललो, "ज्यांच्याकडे बांब आहे ना बाई, त्यांच्यावर कोणी साहेबच नाही."

"म्हंजे आज आमीच साहेब," ती म्हणाली आणि अंगठा असा दाबला, की शाई कागदाच्या पाठीवर उतरली. मग अर्ज माझ्याकडे सरकवला.

"आता याच्याखाली बांबूचं लिवा, गुरुजी."

मी लिहिलं. बांबापेक्षा त्या ओळीखाली अंगठे जास्त पडले.