गजाननभाऊंचा ओटा

आमच्या नगर परिषदेच्या बांधकाम विभागात फायली कधी ना कधी निकाली निघतात, किस्से मात्र निघत नाहीत. चहा आला की एखादा आपोआप वर येतो. मी इथली रचना सहायक, म्हणजे नकाशे तपासणारी. माझ्याकडचे निम्मे किस्से एकट्या गजाननभाऊंचे! भाऊंना जुनं किराणा दुकान पाडून तिथं 'मार्ट' बांधायचं होतं.

*

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "भाऊ, हा रहिवासी झोन आहे. दुकान बसतं का, बघावं लागेल."

भाऊ खुर्ची ओढून बसले. "मॅडम, सकाळी सहाले दुकान उघडतो, रात्री दहाले बंद करतो. जेवन तिथंच, दुपारची झोप तिथंच. घरी फक्त बायकोच्या शिव्या खाले जातो. आता तुमीच सांगा, मी राह्यतो कुठं?"

नशीब, रस्ता पुरेसा रुंद निघाला आणि दुकान नियमात बसलं. नाहीतर भाऊंचा मुक्काम दुकानातच असतो, असं मला फायलीत लिहावं लागलं असतं!

*

मग नकाशा आला. रस्त्याच्या बाजूनं तीन मीटर जागा मोकळी सोडायची असते. भाऊंच्या नकाशात नेमका तिथंच एक लांबलचक चौकोन होता आणि आत लिहिलं होतं, 'कुंडी'.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "वीस फुटी कुंडी? लावणार काय तिच्यात?"

"तुळस, साहेब."

"वीस फूट तुळस?"

"वाढते नं साहेब, आपली जमीन काळी हाय!"

कुंडीच्या नावाखाली तो दुकानाचा ओटाच होता; साहेबांनी लाल पेननं खोडला.

*

जागा मोजायला गेलो तेव्हाची गंमत वेगळीच. मी पर्समधून टेप काढला मात्र, अख्ख्या बाजारात पळापळ! बादल्या, झाडू, साड्या नेसवलेले पुतळे, सगळं धडाधड आत गेलं. दोन मिनिटांत रस्ता चांगला ऐसपैस झाला. शेवटी मीच ओरडले, "अहो, आज फक्त गजाननभाऊंचं मोजतोय!"

तसे पुतळे पुन्हा बाहेर आले.

*

तिथंच मी भाऊंना विचारलं, "ओट्यासाठी एवढा जीव का टाकताय?"

"माह्यं काई नाई मॅडम. बाबा हायेत."

बाबा म्हणजे त्यांचे वडील, नव्वदीला टेकलेले. सारा जन्म जुन्या दुकानाच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकण्यात गेलेला. त्यांनी सांगून टाकलं होतं, "मले काचंच्या आत बसवू नका. ओटा नाई तर मी येत नाई. घरीच पडून राहीन." तेव्हापासून त्यांचं जेवणही कमी झालं होतं.

ऐकून मला फार वाईट वाटलं. सोबत आलेल्या साहेबांनाही वाटलं असावं, पण ते म्हणाले, "ओटा नाही म्हणजे नाही. उद्या प्रत्येक दुकानातून एकेक बाबा निघेल!"

*

तरी भाऊ आठवड्याभरात पुन्हा हजर. "साहेब, ओट्याले चाकं लावली तं?"

"मग ती गाडी झाली. नकाशात तिचं पार्किंग दाखवा!"

*

अखेर ओट्याशिवाय मार्ट बांधून झालं. आता साहेबांनी पाहणी करून शेरा दिला की दुकान उघडायचं. आम्ही पोचलो. समोरची जागा झाडूनपुसून स्वच्छ, आणि मधोमध एक बाज. बाजेवर बाबा.

साहेब थबकले. "हे काय?"

भाऊंचा चेहरा पडला. "पर्मनंट नाई साहेब. सकाळी आनतो, संध्याकाळी नेतो."

बाबांनी कानामागे हात धरला. "काय म्हनून राह्यला हा?"

"पर्मनंट हाय का म्हनून इचारते, बाबा."

"मी तरी कुठं पर्मनंट हाओ आता!" बाबा बोळकं पसरून हसले आणि जरा सरकले. "बस नं बापा, उन्हात काऊन उभा?"

साहेब बसले. चहा आला. गाव कोणतं, लेकरं किती, आई आहे का, बाबांनी सगळं विचारून घेतलं. मग तिथंच बाजेवर, मांडीवर फाइल घेऊन साहेबांनी शेरा लिहिला:

'समोरील जागा पूर्णपणे मोकळी आढळली.'