दोन माणसांचा रस्सा

डिझेलचा आकडा प्यो मान-सोकने तीनदा काढला आणि तिन्ही वेळा वेगळा आला. शेवटी कंटाळून त्याने तिन्हींतला सगळ्यात मोठा धरला. "कमी धरून रशियात गाडी ढकलत बसण्यापेक्षा हे बरं," असं तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला घरात कुणी नव्हतं. हल्ली तो बरंच काही मोठ्याने म्हणायचा.

मुखो बंदराच्या वरच्या चढावर त्याचं घर. उभा जन्म त्याने त्याच चढावरून बस चालवली. बंदर, बाजार, दवाखाना, स्टेशन, की वळवून परत बंदर. गावातली अर्धी माणसं त्याला तोंडावरून नाही, मानेवरून ओळखायची, कारण बसमधून तेवढंच दिसायचं. निवृत्त झाला त्या दिवशी डेपोतल्या लोकांनी फुलांचा गुच्छ दिला, टाळ्या वाजवल्या. आणि पुढच्याच हिवाळ्यात बायकोने घटस्फोटाचा कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. भांडण नाही, तंटा नाही, आदळआपट नाही. "तुमची नोकरी संपली," सुक-जा म्हणाली, "आता माझीपण संपू दे." त्याने सही केली. ती ग्वांगजूला बहिणीकडे गेली. आता म्हणे ती डोंगर चढणाऱ्या बायकांच्या टोळक्यात असते आणि तिचे गुडघे दुखायचे थांबलेत. हे ऐकून बरं वाटून घ्यावं की वाईट, हे मान-सोकला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर त्याने एक जुनी मालवाहू व्हॅन घेतली. आत फळ्या ठोकून पलंग केला, शेगडी बसवली, पाण्याची टाकी लावली, खिडकीला सुक-जाने मागे टाकलेल्या चादरीचा पडदा शिवला. शिवण वाकडी आली, पण पडदा झाला. बेत असा, की गाडी बोटीवर चढवायची, व्लादिवोस्तोकला उतरवायची आणि तिथून पश्चिमेला हाकत सुटायचं, रशिया ओलांडायचा, पोलंड, जर्मनी, फ्रान्स, आणि पोर्तुगालात जिथे जमीन संपून पाणी लागतं तिथे थांबायचं. का, म्हणून कुणी विचारलं तर तो सांगायचा, "शेवटचा स्टॉप आला की वळवायची, हेच केलं जन्मभर. एकदा न वळवता जायचंय."

पण मध्ये उभी होती मुलगी. उन-सोल सुवॉनला एका कंपनीत हिशेबनीस होती, छत्तिशी ओलांडलेली, एकटी राहणारी, बापासारखीच हट्टी. गेल्या थंडीत व्हॅनमध्ये फळी ठोकताना मान-सोकला चक्कर आली होती. सबंध दुपार तो दोन फळ्यांच्या मधे पडून होता आणि कुणाला पत्ता नव्हता. ते तिला नंतर कळलं तेव्हा ती फोनवर इतकी ओरडली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"एकटे जाणार असाल तर आत्ताच सांगून ठेवते बाबा, मी येईन आणि किल्ल्या घेऊन जाईन!"

आता चौसष्ट वर्षांचा माणूस, कुणाच्या बापाला भितो? निघाला असता तर कोण अडवणार होतं? पण बोटीच्या फॉर्मवर एक रकाना होता, काही झालं तर कुणाला कळवायचं. तिथे लिहायला मान-सोककडे जगात एकच नाव होतं. तिचा होकार नसताना ते लिहायला त्याचा हात धजेना. फॉर्म टीव्हीखाली तसाच पडून होता.

म्हणून तर त्याने एवढा हिशेब मांडला. पोरीला पटलं पाहिजे की म्हातारा डोक्यावर पडलेला नाही, सगळा विचार करून चाललाय. बोटीचं भाडं, गाडीचा विमा, टायर, डिझेल, आठवड्यातून एकदा गरम पाण्याची अंघोळ, रोजचं जेवण. शेवटचा आकडा पोर्तुगालच्या किनाऱ्यावर संपत होता. त्याने फोटो काढून तिला पाठवला, वर लिहिलं, बेरीज बघ. पाच मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, हे जेवणाचं काय आहे?"

"काय आहे म्हणजे? जास्त वाटतंय? अगं सकाळचं मी गाडीतच शिजवणार. फक्त रात्रीचं बाहेर."

"रात्रीचं दोन माणसांचं धरलंय तुम्ही."

"हो मग! दोनचंच धरायला लागणार ना."

पलीकडून एकदम हळू आवाजात, "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"बाबा, वेड पांघरू नका. बोटीचं तिकीट एकाचंच दिसतंय. म्हणजे ती स्वतःचं स्वतः काढणार. मानी दिसतेय बाई."

मान-सोकच्या डोक्यात प्रकाश पडायला जरा वेळच लागला. त्याचं असं होतं, की आमच्याकडे एकटा माणूस जेवायला आला की हॉटेलवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. मासळीचा रस्सा काय, मांस काय, मधोमध शेगडी ठेवून चौघांनी हात घालून खायच्या गोष्टी. एकट्यासाठी पातेलं कोण चढवणार? दोनचे पैसे मोजा, नाहीतर दुकानाच्या पायरीवर उभं राहून पाव खा. सुक-जा गेल्यापासून मान-सोक दोनचे पैसे मोजत आला होता. पहिल्यांदा रागावला, मग लाजला, मग विसरला. एकट्या माणसाचं जेवण दोन माणसांचं असतं, हे त्याच्या इतकं अंगवळणी पडलं की पोलंडात, पोर्तुगालात काही वेगळं असेल हे त्याच्या मनातही आलं नाही.

हे सांगायला त्याने तोंड उघडलं. पण उन-सोल रडत होती. रडत होती आणि मधेच हसतही होती.

"मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! रोज अंथरुणाला पाठ टेकली की तुम्ही त्या फळ्यांमधे पडलेले दिसायचे मला. आता जा, खुशाल जा. आईला सांगू?"

इथे मान-सोकने खरं बोलायला हवं होतं. "अगं वेडे, कुणी नाही," एवढे चार शब्द. पण 'आईला सांगू' म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांसमोर सुक-जा आली. डोंगराच्या पायथ्याशी बुटाची नाडी बांधता बांधता ही बातमी ऐकणारी आणि नाडी तशीच सोडून वर बघणारी.

"नको," तो म्हणाला. "एवढ्यात नको."

त्या 'एवढ्यात'ने सगळा घात केला.

मग काय, खोट्याला पाय फुटले. ती कशी आहे? बरी आहे. बोलते का खूप? बोलते की. नाव काय? भेटशील तेव्हा कळेल. एक दिवस सुवॉनहून पार्सल आलं. आत बायकांचं रुईभरलं जाकीट, जांभळ्या रंगाचं. "रशियात थंडी असते ना," उन-सोल फोनवर म्हणाली, "त्यांना द्या. माप अंदाजाने घेतलंय."

मान-सोकने ते ड्रायव्हरशेजारच्या सीटवर अडकवलं. दुसरीकडे ठेवणार कुठे? संध्याकाळी व्हॅनमध्ये बसून तो बंदराचे दिवे बघायचा आणि शेजारी ते जाकीट असायचं. एकदा तो त्याला म्हणालासुद्धा, "वारा येतोय का? काच वर करू?" सुक-जा गेली तेव्हा तो रडला नव्हता. आता जी बाई कधी नव्हतीच तिच्यासाठी, व्हॅनची काच वर करून, तो लहान पोरासारखा रडला.

निघायचा दिवस उजाडला. बोट दुपारी होती. गाडीत पाण्याचे कॅन चढवत असताना मागून हाक आली, "बाबा!" बघतो तर उन-सोल, रजा टाकून आलेली, हातात फळांची पेटी.

"सोडायला आले. कुठायत त्या?"

"ती... ती पुढं गेली. बहिणीकडे. थेट बोटीवरच येणारे."

"हो का?" उन-सोलने सीटवरच्या जाकिटाकडे पाहिलं. गळ्यापाशी लटकणारी दुकानाची चिठ्ठी अजून तशीच होती. "मग आपण जेवून घेऊ. तुम्ही रविवारी जाता ना, बंदरावर, त्या मावशीकडे."

"तिथं नको. आज मासळी ताजी नसेल."

"बंदरावर मासळी ताजी नाही? चला काहीतरीच."

हॉटेलवाल्या बाईला आमच्याकडे सगळं गाव मावशी म्हणतं. ही मावशी, ओक-नान, दिलाची मोठी पण तोंडाला झाकण नाही. मान-सोकच्या मागून उन-सोल आत शिरलेली बघताच तिने हातातला पळा तसाच वर केला.

"अगंबाई! मुलगी का? आज दुसऱ्या वाटणीला माणूस आलं हो!" आणि उन-सोलला खांद्याला धरून बसवत म्हणाली, "दर रविवारी यायचं, दोनचं मागवायचं, एकाचं खायचं, उरलेलं डब्यात. मी म्हणते, अहो ड्रायव्हरदादा, एखादी बाई तरी आणा बरोबर. तर म्हणतात, कुठून आणू, बाजारात किलोवर मिळते का! बस पोरी बस, तुझ्या बापाचं हे दुसरं पातेलं कधीचं तुझी वाट बघतंय."

आणि हसत हसत ती आत निघून गेली. पातेलं शेगडीवर खदखदायला लागलं. मान-सोक समोरच्या किमचीच्या लोणच्याच्या वाटीकडे असा बघत बसला, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कोबी बघतोय.

उन-सोलने गॅस बारीक केला. त्याच्या वाटीत माशाचा मधला तुकडा वाढला, मग स्वतःच्या वाटीत वाढलं. मग मान-सोकने खिशातून व्हॅनच्या किल्ल्या काढल्या आणि तिच्यासमोर ठेवल्या.

"घे. तू म्हणाली होतीस तसं."

तिने किल्ल्यांना हात लावला नाही. "मीपण दोनचंच मागवते, बाबा," ती म्हणाली. "ऑफिसातून येते तेव्हा. एकाचं घरपोच कुणी आणून देत नाही. अर्धं दुसऱ्या दिवशी खाते, कधी कधी तिसऱ्या. मला कळायला हवं होतं. पण मला ती बाई हवी होती हो तुमच्याबरोबर. इतकी हवी होती की मी बेरीजसुद्धा नीट बघितली नाही."

"बेरीज चुकली?"

"बेरीज बरोबर आहे. परतीचं कुठंय?"

मान-सोक रश्श्यात चमचा फिरवत राहिला.

"आज इकडे येताना गाडीत बसल्या बसल्या पुन्हा बघितलं. पोर्तुगालपर्यंत सगळं आहे. पुढे काहीच नाही. ना डिझेल, ना बोट."

"तिथं गाडी विकेन म्हटलं..." तो पुटपुटला. "आणि मग बघू. परत येऊन तरी काय करायचं गं? वळवून परत त्याच चढावर. घरात आहे कोण?"

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं हे वाक्य रश्श्याच्या वाफेत असं सहज बाहेर पडलं. उन-सोलचे डोळे भरले, पण ती हिशेबनीस होती. तिने नाक पुसलं आणि चमच्याने टेबलावर ठोकलं.

"ऐका. मी आत्ताच मनात आकडे मांडलेत. त्या बाईचं रोजचं जेवण हिशेबातून काढायचं. तेवढ्यात परतीचं डिझेल निघतं आणि बोटपण निघते. बरोबर निघतं, वर थोडे उरतातसुद्धा. एकाचं जेवायचं बाबा, आणि परत यायचं. एवढं कबूल असेल तर किल्ल्या उचला."

मान-सोक किल्ल्यांकडे बघत राहिला. मग त्याने आधी भाताचा घास घेतला, मग रश्श्याचा घोट, आणि मग किल्ल्या उचलून खिशात टाकल्या. उन-सोलने आपली वाटी पुन्हा भरली. दोघं खात राहिले. मावशी सवयीने प्लास्टिकचा डबा घेऊन आली आणि पातेल्यात डोकावली.

"डबा नको, मावशी," उन-सोल म्हणाली. "संपलं."

धक्क्यावर समुद्राचा वारा सुटला होता आणि उन-सोल पातळ सदऱ्यावर आली होती. मान-सोकने सीटवरचं जांभळं जाकीट काढलं, चिठ्ठी तोडली आणि तिच्या अंगावर चढवलं. बाह्या, खांदे, सगळं अगदी बेतशीर बसलं.

"तुझ्याच मापाचं आहे की!"

"दुसऱ्या कुणाचं माप माहीत होतं मला?" ती म्हणाली, आणि टीव्हीखालून निघालेला तो फॉर्म व्हॅनच्या दाराला टेकवून, काही झालं तर कुणाला कळवायचं त्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं.

बोट सुटली. जांभळा ठिपका धक्क्यावर बराच वेळ दिसत होता, मग क्रेनच्या आड गेला. मान-सोक कठड्याशी उभा राहून गारठला तेव्हा खाली जेवायच्या खोलीत गेला. माणसं घोळक्याघोळक्याने बसली होती. वाढणाऱ्या बाईने मान वर न करता विचारलं, "किती जणांचं?"

सवयीने त्याची दोन बोटं वर आली. त्यातलं एक त्याने मिटलं.

"एकाचं," तो म्हणाला. "मी एकटाच आहे."

बाईने कपाळाला आठी न पाडता एक ताट पुढे सरकवलं. मान-सोकने एकाचे पैसे दिले आणि दुसऱ्याचे तेवढेच मोजून आतल्या खिशात ठेवले, परतीचे म्हणून.