पंगतीतला पहिला भात

माझी लेक देवरीकडच्या एका ठाण्यात फौजदार आहे. हे मी कुणी न विचारताही सांगते. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईलाही सांगते. तिला कंटाळा आला तर खिडकीबाहेर बघावं.

माझ्या माहेरच्या गावात एक रीत आहे. कुणाच्या हातून वाईट घडलं की बैठक बसते आणि त्याला दंड म्हणून गावाला जेवण घालायला लावतात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने दंड भरणाऱ्याच्या पानात पहिला भात वाढायचा. वाढला की प्रकरण मिटलं, पुढे कुणी त्याचा विषय काढायचा नाही. तळ्याच्या पाण्यावरून दोन शेतकरी भांडले, तर ही रीत मलाही पटते.

पण दोन वर्षांपूर्वी तिथल्या सहावीतल्या एका पोरीने आईला सांगितलं, की शिकवणी घेणारा माणूस तिच्या अंगाला नको तिथे हात लावतो. गावाने बैठक घेतली, त्याला जेवण घालायला लावलं आणि हात धुतले. पोरीची आई मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात आली. माझ्या लेकीने लगेच गुन्हा नोंदवला. पोरीचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा आणि वर्दीत जायचं नाही, असा कायदा आहे म्हणे. म्हणून ती माझी सुती साडी नेसून गेली. साडी तिला धड नेसता येत नाही, निऱ्या मीच घालून दिल्या. संध्याकाळपर्यंत तो माणूस कोठडीत होता.

मग माझे थोरले भाऊ माझ्याकडे आले. बैठकीचे प्रमुख तेच. पोरीचं नाव खराब होईल, लेकीला समजाव, असं म्हणू लागले. माझं डोकं तापलं, तरी भाऊ म्हणून मी चहा ठेवला. तेवढ्यात लेक जेवायला घरी आली.

"जेवन होऊन गेलं ना, बाई," भाऊ तिला म्हणाले. "आता काऊन उकरून राहिली?"

तिने आवाज चढवला नाही. असं काही कळल्यावर पोलिसाने नोंदवलं नाही तर तो पोलीसच गुन्हेगार ठरतो, आणि हे मिटवायचा हक्क गावाला नाही, पोलिसांनाही नाही, असं तिने नीट समजावलं. मग विचारलं, "मामाजी, त्याच्या पानात पहिला भात कोनं वाढला?"

भाऊ उठले. चहा तसाच ठेवून निघून गेले. मला तेव्हा कळलं आणि अंगावर काटा आला. लेकीचा इतका अभिमान मला तिने वर्दी घातली त्या दिवशीही वाटला नव्हता.

आठवड्याने भाऊ कुणी न बोलावता ठाण्यात गेले. लेकीने साक्षीदार म्हणून त्यांचा जबाब घेतला आणि पुढे गोंदियाच्या कोर्टातही त्यांनी तोच दिला. त्या माणसाला शिक्षा झाली. साक्ष दिली त्या दिवशी भाऊ कोर्टातून थेट माझ्याकडे आले होते. काय सांगितलंत, म्हणून मी विचारलं.

"पोरीनं वाढला म्हनून सांगितलं," ते म्हणाले. "अन् तिले वाढ म्हननारा मीच होतो."