गालातला खिळा

मयताच्या घरी जाऊनही चार माणसं हसवून येणारा आमच्या गावात मी एकटाच. मागच्या वर्षी मात्र तीन महिने मले सोतःलेच खाटेवरून उठवणं जमलं नाही.

मी केळी कापणाऱ्या टोळीत. घड खांद्यावर घ्यायचा अन् गाडीपर्यंत न्यायचा. त्याच्यात शाळा लागत नाही, म्हणून मले जमलं. एक दिवस चालता चालता घड खाली ठेवला अन् बागेतच रडत बसलो. मुकादम धावत आला. म्हणे, "साप चावला का रे?"

म्हटलं, "नाही."

"मंग रडतो कशाले?"

हे मलेही माहीत नव्हतं. साप असता तर बरं झालं असतं, चावलेलं दाखवता तरी आलं असतं.

पुढे जेवण सुटलं, झोप सुटली. बायको मले विहिरीवर एकट्याले जाऊ देईना. जळगावच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मंग बदलून दिल्या. थोडा फरक पडला अन् तिथंच अडकला. तो म्हणे, धुळ्याले चुंबकाचं मशीन आहे, डोक्याले बाहेरूनच लावतात. कापाकापी नाही, बेशुद्ध करणं नाही. हप्त्यातून पाच दिवस जायचं, असे पाच-सहा हप्ते.

मी मोठ्या हिमतीनं "बरं" म्हटलं अन् घरी येऊन तीनदा संडासले गेलो. मालकाच्या शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरनं मले दोनदा फेकलेलं आहे. वीज हाताले लागली तर ते हाल, डोक्याले लागली तर काय उरेल? पण खरी भीती वेगळीच होती, ती मी कोणाले सांगितली नाही. माझ्याजवळ शेत नाही, शिक्षण नाही. एक मस्करी आहे, तिच्यावरून लोक मले ओळखतात. मशीननं दुखणं पुसता पुसता तीही पुसली, तर मंग माझं काय राहिलं?

बायकोचं माहेर धुळ्यातल्याच देवपूरचं. तिच्या भावाकडं उतरलो. शेजाऱ्यांले सांगितलं, दाताचं काम आहे.

आमच्याकडं बाळंतिणीच्या उशाले विळा ठेवतात, हळद लागलेला नवरदेव कट्यार घेऊन फिरतो. लोखंड जवळ असलं की माणसाले काही बाधत नाही. म्हणून मीही घोड्याच्या नालेचा एक खिळा कमरेच्या करगोट्याले बांधून आणला होता.

मशीनवाल्या ताईनं कागद घेऊन विचारलं, "काका, डोक्यात काही बसवलेलं आहे? छातीत मशीन? कधी फिट आली होती?" तिन्हीले नाही म्हटलं. मंग म्हणे, "अंगावर धातू असेल तो सगळा काढून ठेवा." मी कानातली बाळी काढली, अंगठी काढली, पट्टा काढला. खिळाही सोडला, पण तो ठेवायले हात धजेना. ताईनं पाठ फिरवली अन् मी तो गालात सरकवला.

खुर्ची दाढीच्या दुकानात असते तशी. ताई म्हणे, "भीती वाटते का?" मी नुसती मान हलवली. तिनं बायकोले विचारलं, "बोलत नाहीत का हे?"

बायको तिच्या अहिराणीत म्हणे, "ताई, लगीन व्हयनं तवपासून आज पहिल्यांदा गप बठेल शेतस. मशीन चालू भी नही व्हयनं अन् गुण उना."

ताई हसली. म्हणे, "आधी माप घेऊ. अंगठा हलला की कळतं किती जोर लावायचा." तिनं मशीनचं एक जड कडं डोक्याले टेकवलं. टक् झालं. परत टक्. तिसऱ्या वेळेस माझा उजवा अंगठा सोताहून उडाला.

मी उडवला नव्हता. मी तर नुसता पाहत होतो. मले सही येत नाही, बाहेरच्या कागदावर आत्ताच अंगठा लावून आलो होतो. तो डावा होता अन् हा उजवा, एवढंच समाधान. पण मले न विचारता जे माझा अंगठा हलवतं, ते आत शिरून आणखी काय काय हलवेल? ओरडायले तोंड उघडलं तर खिळा जिभेवरून घशाकडं निघाला. मी जिवाच्या आकांतानं खोकलो. खिळा ताईच्या चपलेपाशी पडला.

ताईचा चेहराच उतरला. "काका, हे चुंबक आहे. तोंडात लोखंड धरून बसतात का? गिळला असता म्हणजे?"

तिथल्या डॉक्टरले बोलावलं. त्यांनी माझं तोंड पाहिलं, घसा पाहिला, अन् शांतपणे विचारलं, "नक्की कशाची भीती वाटते?" तेव्हा मी मस्करीचं सांगून टाकलं. सांगताना रडूच आलं.

डॉक्टर म्हणे, "स्वभाव पुसला जात नाही. मेंदूचा एक भाग सुस्त पडलाय, त्याला बाहेरून जागं करायचं. टोचल्यासारखं होईल, थोडं डोकं दुखेल. गुण सगळ्यांनाच येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो."

ते खरं बोलले म्हणूनच मले जास्त भीती वाटली. परत खुर्चीपाशी नेलं. ताई ते जड कडं हातात घेऊन उभी. मी बायकोचा पदर धरला. म्हटलं, "अन् गेलीच मस्करी तर?"

"गई ते जाऊ द्या," ती म्हणे. "गावमा तुमन्या मस्करीले कोनी हासत नही, तुम्ही एकलाच हासतस. माले दोन भाकरी खानारा मानूस पाहिजे. पदर सोडा अन् बठा."