फ्लेक्सवरची मदत

आमच्या गावात माणसाचं कौतुक आधी फ्लेक्सवर होतं, मग तोंडावर. हवालदार हनुमंत लष्करातली तेवीस वर्षं भरून आंबवड्याला परतला, तेव्हा सव्वीस जानेवारीला त्याचा सत्कार ठरला. फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे आला. मी भोरच्या दुकानात लिहून दिलं, 'दक्षिण सुदानला मदत करून आलेले आमचे वीर'. दुकानदाराने पदरचा एक रणगाडाही टाकला. वास्तविक हनुमंताची पलटण इंजिनिअरांची. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून जाऊन त्याने तिथे पुराच्या पाण्याला मातीचा बांध घातला आणि छावणीच्या फाटकावर पहारा दिला, एवढंच.

फ्लेक्स बघून सोमनाथ गुरुजी म्हणाले, "मदत कसली? हुकूम वरचा, हातात बंदूक, खर्च लष्कराचा. याला मदत म्हणायचं, तर पोलिसाच्या पगाराला दानधर्म म्हणा!" गुरुजींना बोलायला कारण लागत नाही. पण हनुमंताचं तोंडच उतरलं. "म्या स्टेजवर येणार न्हाई," म्हणाला.

त्याचं दुखणं जुनं होतं. सुदानला निघताना आईला, बाळाबाईंना, शांतिसेना म्हणजे काय ते समजेना. तेव्हा तो म्हणाला होता, "आये, लांबच्या गावाला इर्जिकीला चाललोय." इर्जिक म्हणजे शेजाऱ्याच्या रानात आपले बैल नेऊन फुकट राबायचं आणि घरधन्याने पोटभर जेवू घालायचं. मग दर फोनला म्हातारी विचारायची, "जेवाया घालत्यात का रं?" हा म्हणायचा, "घालत्यात की." प्रत्यक्षात बाहेरचं खायला बंदी होती. छावणीच्या तारेच्या कुंपणाआत पलटणीचीच डाळ-रोटी. ज्या कामाला कोणी जेवू घातलं नाही, ती कसली इर्जिक, हे त्याला आतून खात होतं आणि गुरुजींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

सव्वीसला सकाळी मी त्याला न्यायला गेलो, तर तो आईपुढे बसला होता. "आये, त्यांनी एकदाबी जेवाया घातलं न्हाई. म्या खोटं बोललो."

बाळाबाई तांदूळ निवडायच्या थांबल्या. "मंग उपाशी व्हतास?"

"न्हाई. पलटणीचं जेवान व्हतं."

"मंग झालं की! तू जेवलास का, तेवढंच म्या इचारत व्हते."

हनुमंत हळूच म्हणाला, "पर निम्मं काम पहाऱ्याचं व्हतं."

"झाडाखाली उभा बैल इर्जिकीत धरत न्हाईत. रानात चालला तेवढा धरत्यात. तुजा बांध टिकला का?"

"टिकला. पानी घरात शिरलं न्हाई."

"तेवढी मदत. बाकी नोकरी. ऊठ, सदरा घाल."

एवढं सोपं होतं, आणि आम्ही चार दिवस डोकं धरून बसलो होतो! हनुमंत इतका हसला की सदऱ्याच्या गुंड्या चुकल्या.

स्टेजवर त्याने माईक धरला. "बांध मदतीत धरा. पहारा धरू नका."

"आणि बंदूक?" गुरुजी खालून ओरडले. गप्प बसतील तर ते गुरुजी कसले!

"तिला तर मदत म्हणूच नका, गुरुजी. त्या लोकांना पान्याची भीती व्हती म्हणून बांध घातला. आमाला त्यांची भीती वाटायची म्हणून बंदूक धरली."

पहिली टाळी गुरुजींनी वाजवली.