जोडताई आणि पोच देणारे सासरे

आमच्या फर्निचर कंपनीत तिला सगळे जोडताई म्हणायचे. सुतारकामाशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. ती जोडायची ती सॉफ्टवेअरं. दुकानात ऑर्डर नोंदवली की तिचा मेसेज एका सर्व्हरवर जाऊन रांगेत उभा राहायचा. इंटिग्रेशनचं सॉफ्टवेअर तिथून एकेक मेसेज उचलून गोदामाकडे धाडायचं. या दोघांची गाठ घालून देणं हे ताईचं काम. सर्व्हरचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, जोडणीचं नाव असं सगळं भरायचं, बटण दाबायचं आणि हिरवी खूण दिसेपर्यंत श्वास रोखून बसायचं. खूण दिसली की ती खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घ्यायची.

मी शेजारच्या टेबलावर, तक्रार विभागात. म्हणजे तिचं काही बिनसलं की पहिला फोन मला.

नवीन जोडणी सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानाच्या मॅनेजरचा फोन आला. "आमच्या टेबलांचं काय झालं हो?" गोदामवाले म्हणाले, आमच्याकडे असली ऑर्डरच नाही. दुसऱ्या दिवशी दुसरं दुकान, मग तिसरं. बरं, सगळ्याच ऑर्डरी बुडाल्या असत्या तर निदान कळलं तरी असतं. इथे एक यायची, एक गडप व्हायची.

त्यात तो पहिला मॅनेजर पुन्हा फोनवर. "आणि मॅडम, हेड ऑफिस खुलासे कधीपासून मागायला लागलं?"

"कसले खुलासे?"

"मी सोळा खुर्च्यांची ऑर्डर टाकली. उत्तर आलं, 'एकाच इसमास इतक्या खुर्च्या कशासाठी? खुलासा करावा.'"

"मग?"

"केला की! गिऱ्हाइकाचा गाण्याचा क्लास आहे, असं शेऱ्यात लिहून ऑर्डर परत पाठवली. त्यावर उत्तर आलं, 'खुलासा समाधानकारक.' पण खुर्च्या कुठायत?"

मी रिसीव्हर ठेवला आणि जोडताईकडे बघितलं. ती आधीच सर्व्हरच्या नोंदींचा लॉग उघडून बसली होती. एकच ओळ खालपर्यंत उतरत गेली होती: याच नावाने दुसरी जोडणी आली, जुनी तोडली. याच नावाने दुसरी जोडणी आली, जुनी तोडली.

साहेब येऊन मागे उभे राहिले. ताईने त्यांना समजावलं, "सर्व्हर एका नावाला एकदाच आत घेतो. त्याच नावाने दुसरं कुणी आलं की पहिल्याला बाहेर काढतो. आपलं सॉफ्टवेअर चिवट, ते लगेच परत घुसतं, की तो दुसरा बाहेर. मग तोही परत येतो. दोघांचं नुसतं आत-बाहेर चाललंय. जो आत असताना मेसेज येईल, मेसेज त्याचा."

"पण हा दुसरा कोण?"

"आपल्या ऑफिसातला नाही. बाहेरून येतोय."

साहेबांचा चेहरा पडला. "हॅकर!"

"खुलासा मागणारा हॅकर, साहेब?" मी म्हटलं.

"तीच तर त्यांची पद्धत असते," साहेब गंभीरपणे म्हणाले. "आधी माणसाला गोंधळवायचं."

ताईने तिथल्या तिथे पासवर्ड बदलला. आत-बाहेर थांबलं. साहेबांनी वरच्या साहेबांना फोन करून आपण हल्ला परतवून लावल्याचं कळवलं. ताई मात्र त्या दिवशी गिरकी न घेताच घरी गेली. चोर बाहेर गेला खरा, पण गेलेल्या ऑर्डरी कुठे होत्या?

पुढचं तिनेच आम्हाला सांगितलं, तेही मधेमधे हसू आवरत.

घरी पोचली तर सासरे खिडकीशी तोंड फुगवून बसलेले. समोर चहा तसाच.

"बाबा, चहा गार होतोय."

"होऊ दे. आता काय, मला वेळच वेळ आहे."

नवऱ्याने स्वयंपाकघरातून मान हलवली. दुपारपासून हे असंच चाललंय, एवढाच त्याचा अर्थ.

सासऱ्यांची सगळी नोकरी एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली होती. आलेल्या प्रत्येक कागदाला पोच द्यायची आणि शंका आली की खुलासा मागवायचा. निवृत्त झाल्यावर त्यांना दिवस खायला उठला, म्हणून ताईने आपला जुना लॅपटॉप त्यांना पत्ते खेळायला दिला होता.

"झालं काय पण, बाबा?"

"ते तुझ्या डब्याला विचार. इतके दिवस इमानेइतबारे काम केलं. आज म्हणतो पासवर्ड चुकीचा! ना नोटीस, ना कारण."

"कसलं काम?"

"आवक बघायचं, दुसरं कसलं? सुरू केला की खिडकी उघडते, माल मागवणारे लोक येतात. खाली 'पोच द्या' असं बटण आहे. मी पोच देतो. गैर वाटलं तर उत्तरात शेरा मारतो. मला वाटलं, सूनबाईने मुद्दाम सोय करून दिलीय. बोलली नाहीस, पण मनात म्हटलं, पोरीला कळतं हो."

ताई होती तिथेच, पर्स खांद्याला तशीच, फरशीवर बसली. मागे पाय मुरगळून ती घरी होती, तेव्हा याच लॅपटॉपवर तिने चाचणीचा प्रोग्राम टाकला होता आणि खऱ्या सर्व्हरशी जोडून पाहिला होता. मग ऑफिसात येऊन तेच सगळं, जोडणीच्या नावासकट, जसंच्या तसं उतरवलं. प्रोग्राम काढून टाकायचा राहून गेला. लॅपटॉप सुरू झाला की तो आपोआप सुरू व्हायचा. आणि पोच मिळाली की सर्व्हर समजायचा, मेसेज योग्य हाती पडला, आता रांगेत ठेवायची गरज नाही.

तिने लॅपटॉप उघडला. हरवलेल्या ऑर्डरी एकूण एक तिथे होत्या. एका पलंगाच्या ऑर्डरीखाली शेरा होता: "लाकडाचा प्रकार नमूद नाही. सादर करावे."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही आमच्या कंपनीला पळता भुई थोडी केलीत."

"म्हणजे काम चोख होतं ना?"

तिला हसावं की रडावं कळेना. मग हसलीच, आणि नवराही पोळपाट सोडून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सगळं सरळ सांगून टाकलं. साहेब रागावतील असं वाटलं होतं, पण ते हिरमुसलेच जास्त. "म्हणजे हॅकर नव्हता?" त्यांनी दोनदा विचारलं. वरच्या साहेबांना काय सांगायचं, याच काळजीत ते जेवायला गेले. ताईने ऑर्डरी पुन्हा रांगेत टाकल्या, प्रत्येक जोडणीला वेगळं नाव दिलं. दुकानांची माफी मागायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात आलं.

घरी मात्र सासरे बोलेनात. शेवटी ताईने ऑफिसात परवानगी काढली आणि चाचणीच्या वेगळ्या सर्व्हरवर, खोट्या ऑर्डरींसाठी, त्यांना एक जोडणी करून दिली. नवीन काही बसवलं की आधी बाबा तपासणार. फक्त नाव काय द्यायचं यावर अडलं.

"वरिष्ठ आवक लिपिक, निवृत्त," ते म्हणाले.

"एवढं लांब चालत नाही, बाबा. आणि मधे जागा सोडता येत नाही."

"मग 'निवृत्त' काढून टाक," ते म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.